झाकण प्रेसवर सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
कार्यस्थळ सुरक्षा व समावेशन विभाग,
कामगार कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : डबे कारखान्यातील झाकण प्रेसवरील काढणारी (सध्या समावेशन कक्षात बसून).

विषय : झाकण प्रेसवर काम चालू असताना काढणारीने पेडलवालीच्या खांद्यावर डावा हात ठेवण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) कारखान्याच्या अंतर्गत समितीचा आदेश, दर्शनी फलकावर लावलेला.
२) आपल्या कार्यालयाने कारखान्यास दिलेले 'सर्वांसाठी सुरक्षित' प्रमाणपत्र, गेटवर काचेत.
३) माझे यापूर्वीचे अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

सविनय निवेदन करते की, मी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस खात्यात नोकरीस आहे. माझे केस याच खात्यात पांढरे झाले व दोन्ही कानही याच खात्यात गेले. कानांबद्दल हा अर्ज नाही. आमचे कीर्तनकार बुवा सांगत, पूर्वरंग लांबला की श्रोते चपला शोधू लागतात. म्हणून मुद्द्यावर येते.

१. झाकण प्रेसवर दोघी लागतात. एक बसून पत्रा सरकवते व पायाने पेडल दाबते, ती पेडलवाली. दुसरी तिच्या उजव्या अंगाला उभी राहून कापलेले झाकण साच्यातून उचलते, ती काढणारी. झाकण साच्याला चिकटते, त्यामुळे हात आत घालावाच लागतो. समोरून जाळी आहे. बाजूने फट आहे, कारण फट नसेल तर झाकण निघत नाही आणि झाकण निघाले नाही तर माल निघत नाही. दोन बटणांचा नवा प्रेस मिळतो, ज्यात सगळे हात बाहेर असल्याखेरीज साचा खालीच येत नाही. तो पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आहे. तो आराखड्यात आल्यापासून माझ्या मुलाचे लग्न झाले व नातू शाळेत जाऊ लागला.

तोवर आमची पद्धत अशी आहे. काढणारीचा डावा हात पेडलवालीच्या खांद्यावर. हात खांद्यावर आहे, म्हणजे दुसरा हात साच्यात आहे. हात उचलला, म्हणजे साचा मोकळा, दाब पेडल. ही पद्धत कोणी लिहून दिलेली नाही. मला जिने शिकवली ती दहाही बोटांनिशी निवृत्त झाली.

२. काढणारी मी होते व पेडलवाली माझी सून. घरात आमचे सगळे पटते असे नाही. मिठावरून पटत नाही, खिडकी उघडी ठेवण्यावरून तर मुळीच नाही. पण प्रेसवर आमची जोडी खात्यात नावाजलेली होती. मुकादम म्हणायचे, "सासवा-सुनांनी भांडायचं तर घरी भांडा बाई, इथं तुमच्याइतकं जुळलेलं मशीनसुद्धा नाही माझ्याकडं." हे मी त्यांच्या ओठांवरून वाचत असे.

प्रेस खात्यात तसे कोणालाच काही ऐकू येत नाही. ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनी ते चांगले राहावेत म्हणून रबरी बोळे घालावेत असा नियम आहे व तो योग्य आहे. माझे गेलेले असल्याने मला बोळे लागत नाहीत. माझ्यात व इतरांत पाळीपुरता एवढाच फरक होता.

३. मागील तपासणीच्या आधी कारखान्यात 'आदराचे व सुरक्षित कार्यस्थळ' या विषयावर प्रशिक्षण झाले. शिकवायला आलेल्या बाई मनाने चांगल्या होत्या. कायदाही चांगला आहे, हे मी मनापासून लिहिते. आमच्या तरुणपणी तो असता तर काही जणी नोकरी सोडून गेल्या नसत्या, आणि ज्यांना सोडता आली नाही त्या इतक्या गप्प झाल्या नसत्या.

बाईंनी भर सभेत विचारले, "काम करताना तुम्हाला कोणी हात लावतं का? घाबरू नका. लावत असेल तर हात वर करा."

सुनेने तो प्रश्न मला खुणेने सांगितला. स्वतःच्या खांद्यावर थोपटले व भुवया वर केल्या. मी दोन्ही हात वर केले. बघते तो आमच्या सगळ्या खात्याचे हात वर. पुढचे सुनेने नंतर घरी सांगितले ते असे. आमच्यात एक आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण बोळे घातलेल्या माणसांशीही ती दिवसभर बोलते. ती उठून म्हणाली, "अहो बाई, हात लावल्याशिवाय आमचं कामच होत नाही!"

बाईंचा चेहरा उतरला. "रोज?"

"रोज म्हणजे? दिवसभर!"

"आणि तुम्ही कोणाकडे तक्रार केली नाहीत?"

"तक्रार कसली? हात नाही लावला तर भांडतो आम्ही!"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या सुनेला हळू आवाजात विचारले, "तुम्हाला कोण हात लावतं?" सुनेने मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवले. "या काय. सासूबाई माझ्या." बाईंनी ते लिहून घेतले. सासू म्हटल्यावर प्रकरण जास्तच गंभीर झाले असावे, असे त्यांच्या लिहिण्याच्या वेगावरून मला वाटले.

४. त्यानंतर संदर्भ १ चा आदेश निघाला. आवारात कोणीही कोणाला कोणत्याही कारणास्तव स्पर्श करू नये. प्रेसवर काढणारीने हात बाहेर घेतल्यावर "तयार" असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. तक्रारदार (सून) व गैरअर्जदार (मी) यांनी चौकशी संपेपर्यंत संपर्क टाळावा. गैरअर्जदारास ऐकू येत नसल्याने तिला प्रेसवर ठेवणे असुरक्षित आहे, सबब तिला समावेशन कक्षात सन्मानाने सामावून घ्यावे.

"तयार" हे मी म्हणायचे होते व सुनेने ऐकायचे होते, हे मी समितीच्या निदर्शनास आणले. त्यावर, म्हणणाऱ्यास स्वतःचे म्हणणे ऐकू आले पाहिजे, असे उत्तर मिळाले. सुनेने कानातले बोळे काढून, ते घातले की तिलाही ऐकू येत नाही, असे सांगितले. त्यावर, बोळे काढल्याबद्दल तिला समज देण्यात आली.

सुनेने आपली तक्रारच नाही असे सांगून पाहिले. प्रथम कळवण्यात आले की, तक्रार तिने केलेलीच नसल्याने ती तिला मागे घेता येणार नाही. नंतर कळवण्यात आले की मागे घेता येईल, परंतु गैरअर्जदार त्याच घरात राहते, सबब ती दबावाखाली मागे घेतली असे धरावे लागेल. कारखान्याची बसही आवारातच धरली जाते, म्हणून बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसायचो. उतरल्यावर एका पिशवीचा एकेक बंद धरून घरी जायचो.

५. समावेशन कक्षाबद्दल तक्रार नाही. खोली चांगली आहे. दाराशी पायरीऐवजी उतार आहे, खुर्च्या मऊ आहेत, भोंग्याबरोबर लागणारा लाल दिवा आहे. काम नाही. कामात धोका असतो म्हणून काम ठेवलेले नाही. पाहुणे आले की आम्हाला उभे करून दाखवतात. माझ्यासारखेच कक्षात सामावलेल्या फिटरदादांचा एक पाय अधू असल्याने त्यांना बसू देतात. ते माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "माई, आपण शोकेसमधले डबे. भरायचे नाहीत, नुसते पुसायचे." मी हसले. हसायचे म्हणून हसले.

६. माझ्या जागी सून काढणारी झाली व रेडिओ पेडलवर आली. दोघी जुन्या. दोघींच्या कानात बोळे. नवा नियम दोघींना पाठ. एके दिवशी, जेवणाच्या सुटीनंतर, सुनेने उजवा हात साच्यात घातला व सवयीने डावा हात रेडिओच्या खांद्यावर ठेवला. मग तिला आदेश आठवला. तिने खांद्यावरचा हात उचलला.

हात उचलला म्हणजे काय, ते मी परिच्छेद १ मध्ये लिहिले आहे. रेडिओने पेडल दाबले. तिची चूक नाही. ती आम्ही शिकवले तसेच वागली.

प्रेसचा हादरा जमिनीतून समावेशन कक्षापर्यंत येतो. खुर्ची मऊ असली तरी येतो. तो थांबला तेव्हा काहीतरी झाले एवढे मला कळले. दिवा लागला. दिवा लागल्यावर रांगेने मैदानात जायचे अशी सूचना आहे. त्याप्रमाणे आम्ही रांगेने मैदानात गेलो व उभे राहिलो. बऱ्याच वेळाने कोणीतरी मला सांगायला आले, पण मला हात लावायला नको म्हणून ते मागे उभे राहून सांगत होते. मी वळले तेव्हा त्यांचे सांगून झाले होते.

सुनेच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. याविषयी अधिक लिहावे असे आपल्या कार्यालयातल्या लिपिकांनी सुचवले. मी प्रयत्न केला. लिहिता येत नाही. रडूही आलेले नाही. घरी मी भांडी घासते, नातवाचे दप्तर भरते, झोपते.

मी अजून कीर्तनाला जाते. मृदंगाच्या शेजारी बसले की ठेका जमिनीतून मांडीत येतो, तेवढे मला पुरते. बुवांनी सांगितलेली गोष्ट सून मला परत येताना वाटेत हातांनी सांगते. देवाला पोचायला उशीर का झाला, तेही सांगते. आता डाव्या हाताने सांगते, त्यामुळे गोष्टीतली बरीच माणसे मला ओळखू येत नाहीत. तरी मी मान हलवते.

७. अपघाताच्या अहवालात पुढीलप्रमाणे लिहिले आहे. कारण : मनाई असताना कामगाराने सहकाऱ्यास स्पर्श केला. उपाय : स्पर्शबंदीबाबत पुन्हा प्रशिक्षण. यात एकही शब्द खोटा नाही, म्हणून मला त्यास उत्तर देता येत नाही.

दवाखान्यातून आल्यावर सुनेलाही समावेशन कक्षात सामावून घेतले. तिच्यामुळे कारखान्याचे समावेशनाचे प्रमाण वाढले व संदर्भ २ चे प्रमाणपत्र आपल्या कार्यालयाकडून नव्याने मिळाले. त्या समारंभात तिला गुच्छ दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला, तर छायाचित्रकाराने उजव्या हाताने घ्यायला सांगितले, हात दिसावा म्हणून. चौकशी संपलेली नसल्याने ती खोलीच्या त्या टोकाला बसते व मी या टोकाला. मधे फिटरदादा. दुपारी तिचा हात ठणकतो तेव्हा ते मला खूण करतात. मी तिच्याकडे बघते. बघण्यास मनाई नाही.

८. आता जे लिहिते ते या अर्जाचे खरे कारण आहे.

सभेत वर गेलेल्या हातांमध्ये एक हात पॅकिंग खात्यातल्या एका बाईचा होता. पॅकिंगला खांद्यावर हात ठेवायचे काम नसते. तिने तो कायद्यात सांगितलेल्या कारणानेच वर केला होता. तेवढे धैर्य गोळा करायला तिला किती रात्री लागल्या ते तिलाच ठाऊक. पण आम्ही सगळ्या हसत हात वर करून बसलो होतो. त्या गर्दीत तिचा हात मोजला गेला, बघितला गेला नाही. ज्यांच्यामुळे तो वर होता ते तिचे सुपरवायझर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. आता ते कोणालाही हात लावत नाहीत. दारात असे उभे राहतात की बाईमाणसाला अंग चोरून जावे लागते. आदेशात दाराविषयी काही नाही.

हे तिने मला स्वतः सांगितले. समोर बसून, नुसते ओठ हलवून, आवाज न काढता. मला आवाज लागत नाही हे तिला ठाऊक होते. "माई, कुणाला सांगू नका," असे शेवटी म्हणाली. नंतर एकदा येऊन म्हणाली, "वरच्या साहेबांना सांगा. पण नाव नको." म्हणून लिहिते.

तिने तिथून बदली मागितली व तिला झाकण प्रेसवर टाकले, पेडलवर. कारण रेडिओ आता पेडलला पाय लावत नाही. रेडिओला झाडलोट दिली आहे. ती दिवसभर बोलत नाही. सून म्हणते, खात्यात आता खरोखरच काही ऐकू येत नाही.

पेडलवर नवी बाई, आणि काढणारी म्हणून रोज वेगळी. जी रिकामी सापडेल ती. "तयार" म्हणतात. कोणाला ऐकू येत नाही. म्हणणारीचा हात आत आहे की बाहेर, ते पेडलवालीला कळत नाही. हा अर्ज मी लिहिते आहे त्या वेळी तिथे कोणाचा हात आहे, हे मला माहीत नाही.

९. तरी माझी विनंती अशी की,

दोन बटणांचा प्रेस आराखड्यातून कारखान्यात यावा. तो येईपर्यंत काढणारीने पेडलवालीच्या खांद्यावर हात ठेवण्यास, पेडलवाली हो म्हणाली असेल तर, लेखी परवानगी मिळावी. नाही म्हणाली तर त्या दिवशी प्रेस बंद राहावा. मला काढणारी म्हणून माझ्या जागी परत घ्यावे. सुनेच्या नावावरची तक्रार, जी तिने केलेली नाही, ती काढून टाकावी, म्हणजे मला तिच्याशेजारी बसता येईल. आणि पॅकिंगच्या बायकांना आपण स्वतः येऊन, एकेकीला, दार लावून विचारावे. हात वर करा असे म्हणू नये.

१०. परवानगी यायला वेळ लागतो, हे मला समजते. देव सगळे ऐकतो असे बुवा सांगतात व ते खरे असणार, पण अर्ज आपल्याकडेच द्यावा लागतो. आपणांस अंधारात ठेवायचे नाही, म्हणून कळवते की येत्या सोमवारपासून मी समावेशन कक्षात बसणार नाही. झाकण प्रेसवर काढणारी म्हणून उभी राहीन व हात ठेवीन. मुकादमांना सांगितले आहे. ते म्हणाले, "माई, मी त्या वेळेला स्टोअरमध्ये असेन." सुनेला सांगितले. ती माझ्यावर चिडली. चौकशी विसरून खोलीच्या त्या टोकाकडून माझ्यापर्यंत चालत आली, माझा उजवा हात उलटसुलट करून बघितला, एकेक बोट दाबून बघितले, आणि परत जाऊन बसली. हा संपर्क झाला असल्यास त्याची नोंद माझ्या नावावर घ्यावी.

अडचण एकच होती. त्या पॅकिंगवालीला कोणी हात लावलेला सोसत नाही. मागून कोणी गेले तरी ती दचकते. कायदा मुळात तिच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. म्हणून मी चहाच्या सुटीत तिच्यासमोर जाऊन बसले व विचारले, "प्रेसवर मी तुझ्या खांद्यावर हात ठेवू का? नको म्हणालीस तर ठेवणार नाही, आणि हातही आत घालणार नाही. राग येणार नाही मला."

तिने चहा संपवला. सगळ्या उठल्या, तशी तीही उठली. चार पावले गेली व मागे वळली, मला ओठ दिसावेत म्हणून.

"उजव्या खांद्यावर ठेवा," म्हणाली. "डाव्या नको."

काढणारी उजवीकडेच उभी राहते, त्यामुळे यात अडचण नाही. एवढी परवानगी माझ्याकडे आहे. आपलीही मिळावी.

आपली नम्र व सोमवारपासून कामावर हजर,

(सही)
माई
काढणारी, झाकण प्रेस

दिनांक : आपला आवक शिक्का पडेल तो.

सोबत : १) समितीच्या आदेशाची प्रत.
२) अपघात अहवालाची प्रत.
३) पॅकिंग खात्यातील बाईचे म्हणणे जोडलेले नाही. ते तिचे आहे, तिला विचारावे.